शेरा : जैसे थे

फोटोवाल्या बाईंचा राग कानांपासून सुरू व्हायचा. आधी पाळ्या लाल, मग मान, आणि मान लाल झाली की डोळ्यांच्या दवाखान्यातले शहाणे लोक चहाच्या निमित्ताने जिना उतरायचे. पाठीमागे त्यांना ‘तोफ’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. “तोफ तर तोफ,” त्या म्हणायच्या, “फुसकी तरी नाही ना?”

काम मात्र तोफेचं नव्हतं. पहिल्या मजल्यावर टोकाच्या खोलीत, काळ्या पडद्यांआड त्यांचा कॅमेरा होता. समोर गोल स्टूल, हनुवटी टेकवायला कागद लावलेली पट्टी, कपाळासाठी दुसरी. डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी झाली की माणूस तिथे तोंड टेकवून हिरव्या ठिपक्याकडे बघायचा. बाई दांडी केसभर पुढे, केसभर मागे करायच्या. “हलू नका... श्वास घ्या, पण हलू नका... झालं!” लख्ख उजेड पडायचा आणि डोळ्याच्या आतली मागची भिंत संगणकावर उमटायची. नारिंगी अंगण, त्यात एक फिकट वाटोळी चकती, आणि चकतीतून चारी दिशांना फुटलेल्या तांबड्या रक्तवाहिन्या.

बाईंच्या वडिलांचा फोटोचा स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे फोटो, रांगणाऱ्या बाळांचे फोटो. त्यांनी लेकीला एकच धडा घोकून घेतला होता : हललेला फोटो गिऱ्हाइकाच्या हाती जाता कामा नये. बाईंनी तेवीस वर्षं हा धडा पाळला. पापणी मध्ये आली, कड धूसर झाली, की पुन्हा काढ. मग बाहेर रांग कितीही कुरकुरो.

तेवीस वर्षांत हजारो डोळे पाहिल्यावर त्यांना न शिकवताही बरंच समजायला लागलं होतं. साखरेचं दुखणं जुनं झालं की आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. मग शिरा कुठे फुगतात, कुठे आवळतात, आणि माळेत मणी ओवल्यासारख्या दिसायला लागतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नव्या रक्तवाहिन्या. उपाशी पडद्याला रक्त मिळावं म्हणून शरीरच त्या काढतं, पण त्या असतात भुसभुशीत, वेड्यावाकड्या, गुंता झालेल्या दोऱ्यासारख्या. शिंक आली तरी फुटतील अशा. वेळेवर लेझर केलं तर त्या सुकतात. नाही केलं तर डोळ्यात रक्त.

हे सगळं बाईंना दिसायचं, पण बोलायची मुभा नव्हती. खोलीच्या भिंतीवर पाटीच होती : ‘तंत्रज्ञांनी रुग्णांशी निदानाबद्दल बोलू नये.’ ती मोठ्या डॉक्टरांनी खास बाईंसाठी लावलेली. एकदा एका म्हाताऱ्याला बाईंनी घाबरवलं होतं, आणि डोळा निघाला होता ठणठणीत. तेव्हापासून बाई फोटो काढायच्या आणि जीभ चावायच्या.

दरवर्षी येणाऱ्यांत एक प्रूफवाल्या मावशी होत्या. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासून त्यांची मान कायमची पुढे वाकली होती. साखर सतरा वर्षांची. बाईंपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, जिभेने मात्र बरोबरीच्या. पर्समध्ये तांबडी पेन्सिल कायम. लोक दुकानात भाव बघतात, मावशी दुकानाच्या पाटीतल्या चुका बघायच्या. “औषधाच्या बाटलीवर ‘जेवणानंतर’ बरोबर लिहिलेलं असलं तरच मी औषध घेते,” म्हणायच्या, आणि स्वतःच हसायच्या.

त्या वर्षी मावशींच्या उजव्या डोळ्याचा फोटो संगणकावर उमटला, आणि बाईंचे कान लाल झाले नाहीत, गार पडले. चकतीच्या काठाला, घड्याळात दोन वाजतात त्या बाजूला, बारीक गुंता दिसत होता. नखाने ओरबाडल्यासारखा. बाईंनी चित्र मोठं करून पाहिलं. शंकेला जागा नव्हती.

“काय दिसतंय हो एवढं?” हनुवटी टेकवलेल्या मावशींनी विचारलं. “मुद्रणदोष?”

बाईंनी तोंड उघडलं. पाटीकडे पाहिलं. तोंड मिटलं.

“ते डॉक्टर सांगतील, मावशी. आठवड्यात रिपोर्ट मिळेल.”

मावशी गेल्यावर त्यांनी संगणकात फोटोखालच्या टिपेच्या चौकटीत लिहिलं : ‘उजवा डोळा. चकतीजवळ. तातडीने पाहावे.’ आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. वाचन खोलीत डॉक्टर बसतात, ते फोटो बघतील, टीप वाचतील, मावशींना बोलावतील. त्यांचं ते कामच आहे, असं बाई धरून चालल्या.

आठवड्याने मावशींना रिपोर्ट मिळाला. शेरा : जैसे थे. एका वर्षाने यावे.

चौथ्या महिन्यात एका सकाळी मावशी भिंतीला हात लावत जिना चढून आल्या. नंबर न लावता थेट बाईंच्या दारात.

“बाई,” त्या म्हणाल्या, “माझ्या डोळ्यात कुणीतरी शाई सांडली.”

भाजी चिरताना उजव्या डोळ्यापुढे काळा धागा तरंगला होता. मग दुसरा. मग कोळिष्टकं, आणि तासाभरात सगळं तांबूस-काळं. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्यातून आत काही दिसेचना. ना चकती, ना शिरा. नुसता गढूळ लाल अंधार.

बाई कॅमेऱ्यामागून पुढे आल्या. “मावशी, तुम्हाला मध्ये बोलावलं नाही कुणी?”

“कशाला बोलावतील? माझं जैसे थे आहे ना!” मावशींनी पर्स चाचपून दोन कागद काढले, गेल्या वर्षीचा रिपोर्ट आणि या वर्षीचा. दोन्हींवर तांबड्या खुणा. “आता तुमच्या डोळ्यांनी वाचा. ‘रक्तवाहीन्या.’ ‘हि’ हवा, ‘ही’ छापलाय. दोन्ही कागदांवर. बरं, एखाद्याचं शुद्धलेखनच कच्चं असेल, मी सोडून दिलं. पण खालची ओळ बघा.”

खालची ओळ दोन्हीकडे एकच होती : ‘उजव्या डोळ्याचा फोटो किंचित धूसर.’

“धूसर?” बाई म्हणाल्या. “माझा फोटो?”

आता मात्र कान पेटले. गेल्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून बाई तीन आठवडे रजेवर होत्या. त्या दिवसांत बदलीवरच्या माणसाने काढलेला मावशींचा फोटो धूसर निघाला असेल, कबूल. पण या वर्षीचा फोटो बाईंनी स्वतः काढला होता, आणि तो आरशासारखा स्वच्छ होता. म्हणजे या वर्षीचा रिपोर्ट या वर्षीच्या फोटोवरून लिहिलेलाच नव्हता. जुना कागद, नवी तारीख.

मावशींना तपासणीसाठी खाली पाठवून बाई वाचन खोलीत शिरल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई दोन संगणकांच्या मध्ये बसून कोरडी पोळी खात होत्या. डोळे सुजलेले.

“मावशींची फाईल उघडा.”

“अहो, मला जेवू तरी—”

“उघडा!”

डॉक्टरीणबाईंनी उघडली. प्रत्येक फोटोपाशी तो वाचन खोलीत किती वेळा पाहिला गेला याची नोंद संगणक ठेवतो. मावशींच्या फोटोपाशी शून्य होतं. टिपेपाशीही शून्य. ‘तातडीने पाहावे’ हे शब्द चार महिने कुणी न वाचता पडून होते.

“सही तर तुमची आहे,” बाई म्हणाल्या.

“ती आपोआप येते.” डॉक्टरीणबाईंनी पोळी बाजूला ठेवली. आवाज अगदी बारीक झाला. “दिवसाला अडीचशे डोळे येतात आणि वाचणारी मी एकटी. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन वर्षं ज्यांच्यात बदल नाही ते स्थिर रुग्ण. त्यांचा जुना शेरा पुढे ओढायचा. तोंडी सांगितलं, लेखी काही नाही. मी एकदा नको म्हटलं होतं.”

“एकदा?”

डॉक्टरीणबाईंनी पोळीचा डबा मिटला.

मोठ्या डॉक्टरांची खोली तळमजल्यावर, काचेच्या दाराची. बाई वाट न बघता आत गेल्या आणि दोन्ही रिपोर्ट टेबलावर आपटले. डॉक्टरांनी ते शांतपणे वाचले. त्यांची ती शांतताच बाईंना सर्वात जास्त झोंबायची.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण बाई, एवढ्या मोठ्या संख्येत एखादा दाणा खडा निघतोच. आपण गेल्या वर्षात दुप्पट लोकांना तपासलं, ते विसरू नका.”

“तपासलं कुठे? फोटो काढला. बघितला कुणी?”

“हे बघा, तुमचं काम फोटो काढणं.”

“आणि तुमचं बघणं!”

बाहेरच्या रांगेतली कुजबुज थांबली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तुम्ही तर बघितलं होतं ना?” त्यांनी हळूच विचारलं. “टीप तुम्हीच लिहिलीत. मग रुग्णाला तिथल्या तिथे का नाही सांगितलंत?”

“तुमची पाटी आहे भिंतीवर.”

“म्हणजे तुम्ही नियम पाळलात.” डॉक्टरांनी हात जोडल्यासारखे केले. “मीही व्यवस्थाच पाळतोय. या आता.”

बाई बाहेर आल्या. डॉक्टर खोटं बोलला असता तर त्यांनी त्याला सोलून काढला असता. पण माणसाने खरं तेच बोलून वर्मावर बोट ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी भांड्यांचा असा काही आवाज झाला की नवरा हात पुसत स्वयंपाकघरात आला. तो बस दुरुस्तीच्या गॅरेजात मिस्त्री होता. कमी बोलायचा आणि बोलला की नटबोल्ट आवळल्यासारखं बोलायचा.

“भांड्यांचा काय गुन्हा?”

बाईंनी सगळं सांगितलं. मोठे डॉक्टर, जुना शेरा, शून्य, पाटी. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

“एक विचारू? रागावणार नसशील तर.”

“रागावणारच आहे. विचारा.”

“समज, एका बसचा ब्रेक गेलाय, मला दिसलं. मी चिठ्ठी लिहिली, ‘ब्रेक पाहावा’, खिळ्याला अडकवली आणि घरी आलो. ड्रायव्हर समोरच उभा होता, त्याला म्हटलं, या आता. तर तू मला काय म्हणाली असतीस?”

बाईंनी हातातला डाव खाली ठेवला. मग दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. कारण काय म्हणाल्या असत्या ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मावशींचं ऑपरेशन झालं. डोळ्यात साकळलेलं रक्त काढलं, पण आत पडद्याला ओढ बसली होती. उजव्या डोळ्याने समोरच्या हाताची बोटं मोजता येतील, एवढंच परत आलं. डाव्या डोळ्यातही गुंता धरायला लागला होता, त्याला लेझर सुरू झालं. तिसऱ्या खेपेला मावशी बाकावर एकट्या बसल्या होत्या. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि आढेवेढे न घेता म्हणाल्या, “मावशी, त्या दिवशी मला दिसलं होतं.”

मावशींनी मान वळवली. पूर्ण वळवावी लागली, कारण बाई उजव्या बाजूला होत्या.

“काय दिसलं होतं?”

“नव्या शिरा. मी टीप लिहिली. कुणी वाचली नाही.”

मावशी बोलल्या तेव्हा नेहमीची थट्टा औषधालाही नव्हती.

“मी विचारलं होतं तुम्हाला. माझं तोंड तुमच्या त्या यंत्रात होतं आणि मी विचारलं होतं, काय दिसतंय. आणि तुम्ही म्हणालात, डॉक्टर सांगतील. तीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या, बाई. चूक दिसली आणि पुढे सोडली असं एकदाही केलं नाही. लेखक ओरडले, मालक ओरडला, तरी नाही. तुम्ही टीप लिहिलीत संगणकाला. मला का नाही?”

“चुकलं माझं.”

“हो, चुकलं. आणि मी काही ‘जाऊ द्या’ म्हणणार नाही. अपेक्षा ठेवू नका.”

“नाही ठेवत.”

लेझरसाठी मावशींचं नाव पुकारलं. त्या उठल्या, बाकाच्या पाठीचा आधार घेतला, आणि वळून म्हणाल्या, “मला वाचता येतं, म्हणून मला सापडलं. ज्यांनी कागद घडी घालून ठेवून दिला, त्यांचं काय? आणि दुसरं. पुस्तकात चूक गेली तर शुद्धिपत्र लावतात. मला शुद्धिपत्र पाहिजे. दवाखान्याच्या शिक्क्याचं.”

पहिली गोष्ट बाईंच्या हातची होती. त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. या वेळी ओरडल्या नाहीत, नुसती खुर्ची ओढून बसल्या. “शेरा पुढे ओढलेल्या सगळ्या फायली काढा. तुम्ही बघा, मी बाजूला बसते.”

तीनशे बारा निघाल्या. रोज जेवणाच्या सुट्टीत दोघी दार लावून बसायच्या. डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा. बाईंचं बोट ठिपक्यांवरून, शिरांच्या वळणांवरून फिरायचं. “इथे... नाही, ही पहिल्यापासून अशीच आहे... इथे मात्र बघा.” पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंना रडू फुटलं. बाई म्हणाल्या, “रडा, पण डोळे पुसून घ्या. धूसर दिसेल.” शेवटी एकूण चौदा जणांत बदल निघाला. पाच जणांत नव्या रक्तवाहिन्या.

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना पत्ता लागला. पाचव्या दिवशी बाईंची बदली चष्म्यांच्या काउंटरवर झाली. तेवीस वर्षं डोळ्याच्या आत बघणारी बाई लोकांच्या कानांवर दांड्या घट्ट करत बसली. पण काउंटरवर फोन होता. डॉक्टरीणबाई उरलेल्या फायली बघून वरून यादी पाठवायच्या आणि बाई दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये फोन लावायच्या. “मी डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या रिपोर्टवर जैसे थे लिहिलंय, ते खरं नाही. उद्या या. नाही, पुढच्या आठवड्यात नाही, उद्या.” काही जण भांडले. एकाने विचारलं, “म्हणजे तेव्हा खोटं सांगितलंत?” बाई म्हणाल्या, “हो.”

तेरा जण आले. चौदावा लागेना. फोन बंद होता.

इकडे मावशींनी दवाखान्याच्या विश्वस्तांना पत्र धाडलं. चार पानं, एकेक अक्षर बोराएवढं, कारण त्याहून लहान त्यांना आता दिसत नव्हतं. सोबत दोन्ही रिपोर्ट, तांबड्या खुणांसकट. विश्वस्तांनी चौकशी बसवली. डॉक्टरीणबाईंनी तोंडी हुकूम लेखी सांगितला, स्वतःच्या सहीसकट. शेरे पुढे ओढणं बंद झालं आणि वाचन खोलीत आणखी दोन डॉक्टर आले. मोठे डॉक्टर मोठेच राहिले. त्यांच्याकडचं वाचन खोलीचं काम काढलं, बाकी खुर्ची तीच. बाईंच्या जागी आलेल्या माणसाचे फोटो रोज परत यायला लागले तेव्हा बाईंना मुकाट्याने कॅमेऱ्यावर परत आणलं. ‘चुकलो’ असं कुणी म्हटलं नाही.

मावशींना शुद्धिपत्र मिळालं, शिक्क्याचं. त्यात लिहिलं होतं की शेरा ‘अनवधानाने’ पुढे नेला गेला. मावशींनी ‘अनवधानाने’ खोडून वर ‘जाणूनबुजून’ लिहिलं, समासात खूण केली आणि ‘दुरुस्त प्रत पाठवावी’ म्हणून कागद परत पाठवला. दुरुस्त प्रत आली नाही. मावशी दर महिन्याला एक आठवणपत्र पाठवतात. बाईंशी कामापुरतं बोलतात. बाईंनी कधी त्यापलीकडे मागितलं नाही.

चौदाव्याचा पत्ता लागायला दोन महिने गेले. तो माळी होता, घर बदललं होतं. रविवारी बाई नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून शोधत गेल्या. लोखंडी जिन्याचं घर. दार सुनेने उघडलं. मागे खिडकीपाशी माळी खुर्चीत बसला होता. दाराकडे तोंड केलं, पण नजर बाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

“दोन महिने झाले मामंजींना नीटसं दिसत नाही,” सून म्हणाली. “वय झालं म्हणायचं. दवाखान्याचा कागद होता ना ठीक म्हणून, म्हणून नेलं नाही.”

बाईंचे कान, मान, सगळं पेटलं, आणि आपटायला समोर कुणाचं टेबल नव्हतं. त्या खुर्चीपाशी गेल्या.

“काका, मी फोटोवाली. तुमच्या डोळ्यांचा फोटो काढला तो मी. तो फोटो कुणीही न बघता तुम्हाला ठीक म्हणून लिहून दिलं.”

माळ्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो बोलायला लागला. आधी हळू, मग ओरडून. बागेतल्या कुठल्या झाडाला कधी पाणी लागतं इथपासून, नातीचा चेहरा कसा गेला इथपर्यंत. शिव्याही दिल्या. सून “मामंजी, मामंजी” करत मध्ये पडली. नवरा जिन्यावरून वर आला, त्याला बाईंनी हाताने थांबवलं. आपली सफाई त्यांनी दिली नाही. पाटीचं नाव काढलं नाही, मोठ्या डॉक्टरांचंही नाही.

माळी दमून थांबला तेव्हा बाईंनी पिशवीतून छोटी विजेरी काढली. तेवढं तपासायचा अधिकारही त्यांना नव्हता. उजव्या डोळ्यावर हात धरला आणि उजेड डाव्या डोळ्यापुढे फिरवला.

“कुठे गेला उजेड, सांगा.”

“...वर,” माळी म्हणाला. “आता इकडे.”

“या डोळ्यात नजर आहे अजून,” बाई सुनेला म्हणाल्या. “कितपत ते उद्या कळेल. सकाळी नऊला घेऊन या. मी दारात उभी असेन.”

“आता कशाला?” माळी कडवटपणे म्हणाला. “पुन्हा कागद द्यायला?”

“नाही. जे दिसेल ते तुमच्या तोंडावर सांगायला. बरं असो, वाईट असो.”

दुसऱ्या दिवशी माळी सव्वानऊला आला. उशीर झाला म्हणून बाई सुनेवर जिन्यातच खेकसल्या, आणि त्याचा हात धरून त्याला वर घेऊन गेल्या.